कठड्याला रंग देण्यापूर्वी

घरात लग्नकार्य निघाले की जुन्या लाकडी जिन्याचा कठडा डोळ्यांत खुपू लागतो. रंगाचा डबा आणून घरच्या घरीच काम उरकावे, असे आपल्याला वाटते. त्यात गैर काही नाही. आमचे सांगणे एवढेच की, कठडा शोभेआधी आधारासाठी असतो. म्हणून रंग शेवटी.

आधी कठडा हलवून पाहा. खालचा खांब डुलत असेल तर सुताराकडून पक्का करून घ्या. लाकूड ठोकून पोकळ आवाज आला तर आत वाळवी असू शकते. दोन गजांतली फट चार इंचांहून जास्त असेल तर मधे आणखी एक उभा गज बसवा. लहान मूल त्यात डोके घालते. आडव्या पट्ट्या नकोत, मुले त्यांवर शिडीसारखी चढतात.

घरगुती रंगातील शिशावर आपल्याकडे दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. कोरडे घासले की त्याची धूळ उडते, आणि शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून मुलांना व गरोदर बाईला दूर ठेवा, पाणी लावूनच घासा, फरशी ओल्या फडक्याने पुसा. जुना रंग जाळून काढू नका.

लाकूड पूर्ण वाळल्यावर प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात द्या. चार दिवस जास्त लागले तरी चालेल. त्याच कठड्याला धरून आपले म्हातारे आईवडील रोज चढउतार करणार आहेत.