बसले म्हणजे चालले असे नाही!

आयुष्यात मी चालवलेली एकमेव बंदूक म्हणजे लहानपणीची टिकल्यांची! त्यामुळे अमेरिकेत लेकीकडे गेलो असता जावईबापू म्हणाले, “चला, आज नेमबाजी पाहायला जाऊ,” तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला.

बरोबर शेजारचे एक गृहस्थ होते. वडिलांचे जुने ‘.३८ स्पेशल’ रिव्हॉल्व्हर त्यांनी मोठ्या मायेने आणले होते. काडतुसे नवी होती आणि खोक्यावरही ‘.३८ स्पेशल’ असेच छापलेले होते. एकेक काडतूस आपापल्या घरात अलगद बसले. एवढ्यात तेथील वृद्ध देखरेखवाल्याने हात वर केला. “थांबा!” खोक्यावरच्या एका खुणेवर त्याने बोट ठेवले. ‘प्लस पी’, म्हणजे जादा दाबाचे!

मग त्याने आम्हांला समजावून सांगितले. साध्या .३८ स्पेशल काडतुसाच्या दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड, तर प्लस पीची २०,०००. वाचकहो, आपला कुकर शिट्टी देतो तो सुमारे १५ पौंडांवर! शिवाय कुकरला झडप असते. रिव्हॉल्व्हरला कसली झडप? जुन्या पोलादाला दाब सोसला नाही, तर काडतुसांचे चक्रच फुटायचे. मग धरणाऱ्याची बोटे आणि शेजारी उभ्या असलेल्याचे डोळे देवाच्या हवाली!

१९३५ साली स्मिथ अँड वेसन कंपनीने याहून जबर असे ‘.३५७ मॅग्नम’ काडतूस आणले. आज त्याची मर्यादा ३५,००० पौंड आहे. ते .३८ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये म्हणून त्याची पुंगळी मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली. प्लस पीला मात्र असे कुंपण नाही. लांबी तीच, जाडी तीच. तेथे माणसाचा डोळा हीच झडप! म्हणून खोक्यावरची आणि काडतुसाच्या बुडावरची खूण वाचावी, हे हत्यार ते सोसते का हे निर्मात्याच्या माहितीपुस्तकात पाहावे, आणि जुने हत्यार आधी जाणत्या कारागिराला दाखवावे.

गृहस्थांनी मुकाट्याने काडतुसे काढली. बऱ्याच वेळाने ते एवढेच म्हणाले, “आज नातवालाही आणणार होतो.”

घरी परतलो, तो स्वयंपाकघरात कुकरने शिट्टी दिली. एरवी त्या आवाजाने मी वैतागतो. त्या दिवशी मात्र तो कानांना फार गोड वाटला.