कमरेचा रुमाल आणि टाचेतला खिळा

बोरगाव, भोज, सदलगा या पट्ट्यात त्याग म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बोरगावच्या शेजारच्या भोज गावचे सातगौडा पाटील पुढे दिगंबर जैन मुनी झाले आणि आचार्य शांतिसागर या नावानं देशभर वंदनीय ठरले. दीक्षेपूर्वी ते आदिसागर मुनींना खांद्यावर घेऊन नदीपार नेत, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. १९५५ साली कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेतली आणि दीर्घ उपोषणानंतर १८ सप्टेंबरला देह ठेवला.

याच मुलखातला माणूस दुखणं घेऊन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जातो. १८९४ साली तिथं रुग्णांवर उपचार सुरू झाले. तिथं, नाहीतर निपाणी-बेळगावच्या एखाद्या चर्चवर, त्याला क्रूस दिसतो. त्याग त्याला ओळखीचा आहे, पण ही खूण निराळी आहे. सल्लेखनेत साधक स्वतः, शांतपणे देहाचा निरोप घेतो आणि भोवती समाज हात जोडून उभा असतो. क्रुसावर मात्र सरकारनं गुन्हेगार ठरवलेला एक माणूस आहे. त्याचे कपडे काढून घेतलेत, येणारेजाणारे त्याची टिंगल करताहेत आणि जवळची बहुतेक माणसं पळून गेलीत. अशा मरणाची खूण कोट्यवधी लोक गळ्यात का घालतात? मला हे ख्रिस्ती धर्मातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं, आणि जितकं खोल जावं तितकं ते वाढतच जातं.

रोमन साम्राज्यात हे मरण कुणाच्या वाट्याला येई, इथून सुरुवात करू. मुख्यतः गुलाम, बंडखोर आणि रोमचं नागरिकत्व नसलेले सामान्य लोक. रोमन नागरिकाला सहसा क्रुसावर चढवत नसत. सिसेरोसारखा वक्ता भर सभेत म्हणाला होता की क्रूस हा शब्दसुद्धा रोमन नागरिकाच्या कानांपासून दूर राहायला हवा. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसच्या गुलामांचं बंड मोडल्यावर क्रॅससनं सहा हजार कैद्यांना कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्यावर क्रुसांवर टांगलं. अंतर सुमारे दोनशे किलोमीटर. म्हणजे दर तीस-पस्तीस मीटरवर एक माणूस, आणि तो रस्ता तुडवणाऱ्या प्रत्येक गुलामाला एकच निरोप : आपली पायरी सोडू नकोस.

इतकी माणसं अशी मारली गेली, पण त्यांचे अवशेष जवळजवळ सापडतच नाहीत. खिळे उपसून पुन्हा वापरात येत, आणि प्रेताला बहुधा धड थडगंही मिळत नसे. म्हणून १९६८ साली जेरुसलेमच्या उत्तरेला एका थडग्यात मिळालेलं टाचेचं हाड इतकं मोलाचं ठरलं. अस्थी ठेवायच्या दगडी पेटीवर नाव होतं येहोहानान. टाचेच्या हाडातून सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा आरपार गेला होता, आणि त्याला लाकडाचे कण चिकटलेले होते. खिळ्याचं टोक वाकलं होतं, बहुधा लाकडातल्या गाठीवर आपटून. त्यामुळे तो उपसता आला नाही आणि घरच्यांनी हाडाबरोबर तसाच पुरला. हा येहोहानान कोण, त्याचा गुन्हा काय, हे काळाच्या उदरात गेलं. पण तो साधारण येशूच्याच शतकातला, त्याच शहरात मेलेला माणूस. त्या हाडाचं छायाचित्र पाहिलं की क्रूस ही दागिन्याची वस्तू उरत नाही.

आता येशूच्या क्रुसावरच्या मरणाच्या आदल्या रात्रीकडे वळू. योहानाच्या शुभवर्तमानात येशू जेवणावरून उठतो, बाहेरचं वस्त्र उतरवतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पाद्यपूजा आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो, शिष्य गुरूचे पाय धुतो. त्यात पाण्याचा ओघ नेहमी एकाच दिशेला असतो : ज्याला मान द्यायचा त्याच्या पायांवर. इथं गुरूच खाली बसलाय. त्या काळच्या यहुदी समाजात हे काम इतकं हलकं मानत की यहुदी गुलामालाही ते सांगू नये, असं नंतरच्या रब्बी परंपरेत नमूद आहे. पेत्र हा शिष्य चपापून पाय मागे घेतो, ते अगदी स्वाभाविक आहे. पण मला जास्त हलवतो तो न लिहिलेला तपशील. यहुदा हा शिष्य अजून पंगतीतच आहे. काही वेळानं तो उठून विश्वासघात करायला निघेल. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले.

जगभरच्या कॅथलिक चर्चमध्ये पवित्र गुरुवारी धर्मगुरू आजही पाय धुतात. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुलीही होत्या आणि मुस्लिमही. दुसऱ्या दिवशी, शुभ शुक्रवारी, वेदी उघडी असते आणि घंटा मुक्या असतात. मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत त्या दुपारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकामागून एक प्रवचनं होतात.

पायधुणं आणि क्रूस या दोन वेगळ्या घटना वाटतात, पण दोन्ही गुलामाच्याच वाट्याच्या. एक त्याचं काम, दुसरं त्याचं मरण. हा धागा सगळ्यात आधी स्पष्टपणे दिसतो तो प्रेषित पौलानं फिलिप्पै गावच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात. त्यात काव्यासारखा एक उतारा आहे, आणि अनेक अभ्यासकांच्या मते तो पौलाच्याही आधीपासून गायला जाणारा स्तोत्राचा तुकडा असावा. आशय असा : देवाच्या बरोबरीचा असूनही त्यानं ती बरोबरी घट्ट धरून ठेवली नाही, स्वतःला रितं केलं, दासाचं रूप घेतलं आणि मरणापर्यंत, तेही क्रुसावरच्या मरणापर्यंत, आज्ञाधारक राहिला.

फिलिप्पै ही रोमची वसाहत. निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं, नागरिकत्वाचा तोरा मिरवणारं गाव. तिथं ख्रिस्ताकडे वळलेल्यांत पहिलं नाव येतं ते लुदिया नावाच्या जांभळ्या वस्त्रांच्या व्यापारी बाईचं; इचलकरंजीच्या मागांशेजारी राहणाऱ्यांना ही बाई लगेच जवळची वाटेल. पौल स्वतः रोमन नागरिक होता, आणि याच गावात त्यानं फटके खाल्ले होते. अशा गावाला तो लिहितो की जगाचा प्रभू गुलामाच्या मरणानं मेला. आणि हे लिहितो घटनेनंतर साधारण पंचवीस-तीस वर्षांत, येशूला प्रत्यक्ष पाहिलेली माणसं हयात असताना! चारपाच पिढ्यांनंतर रचलेली ही दंतकथा नाही, ही गोष्ट पहिल्यापासूनच श्रद्धेच्या केंद्रस्थानी आहे.

बाहेरच्यांना मात्र क्रुसावर मेलेला प्रभू हास्यास्पद वाटे. रोमच्या पॅलाटाइन टेकडीवर १८५७ साली भिंतीवर कोरलेलं एक ओबडधोबड चित्र सापडलं. क्रुसावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, खाली हात उंचावलेला एक जण, आणि ग्रीक अक्षरांत लिहिलंय की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतोय. क्रुसावरच्या येशूच्या अगदी जुन्या चित्रांपैकी एक, आणि तेही टवाळीचं. ख्रिस्ती लोक स्वतः हे दृश्य शतकानुशतकं क्वचितच रंगवत. चौथ्या शतकात ही शिक्षा बंद झाली, ती डोळ्यांनी पाहिलेली पिढी सरली, तेव्हा कुठे पाचव्या शतकात रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर हा प्रसंग कोरला गेला.

मग या मरणाला बलिदान का म्हणायचं? ते वल्हांडणाच्या सणात झालं. मिसरच्या गुलामगिरीतून इस्राएल सुटलं, त्या रात्री कोकराचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं होतं. त्या सुटकेची आठवण म्हणजे हा सण. सुटलेल्या गुलामांच्या सणात येशू गुलामाचं मरण पत्करतो, आणि पहिल्या ख्रिस्ती लोकांना त्यात ते कोकरू दिसलं. पुढे विचारवंतांनी आपापल्या परीनं उलगडा केला. कुणी म्हणालं, ही पापाच्या कैदेतून सोडवणारी खंडणी. अन्सेल्मनं १०९८ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात मांडलं की माणसाला न फिटणारं ऋण देवानंच माणूस होऊन फेडलं. आबेलार्डला त्यात माणसाचं हृदय पालटणारं प्रेम दिसलं. नवल असं की चर्चच्या ३८१ सालच्या श्रद्धावचनात यांपैकी कुठलंच स्पष्टीकरण बांधून दिलेलं नाही. तिथं एवढंच आहे की तो आमच्यासाठी, पंतय पिलाताच्या अमदानीत, क्रुसावर खिळला गेला. मला हा संयम फार मोलाचा वाटतो.

मराठीला ही कथा परकी राहिली नाही. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनं ती ओवीत बांधली. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी आणि लिपी रोमन. पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त जीवन पत्करलं. पौलाच्या पत्रातलं ते रितं होणं त्यांनी अभंगातच ठेवलं नाही.

टिळकांना तो पूल सापडला याचं आश्चर्य वाटू नये. देव खाली उतरतो, हे मराठी माणूस ओव्या-अभंगांतून ऐकतच वाढतो. विठ्ठल जनीबरोबर दळतो, श्रीखंड्या होऊन नाथांघरी कावडीनं पाणी भरतो. पण श्रीखंड्याची ओळख पटली की तो अदृश्य होतो. ते रूप भक्तासाठी घेतलेलं असतं, काम झालं की देव पुन्हा आपल्या ठायी. ख्रिस्ती श्रद्धा इथं वेगळी वाट धरते. तिच्या मते दासाचं रूप हा पालटलेला वेश नव्हता. कमरेला रुमाल बांधून बसलेला तो देवाचं खरं रूपच दाखवत होता.

म्हणूनच पुनरुत्थानाच्या कथेतला एक तपशील मला सगळ्यात विलक्षण वाटतो. मरणावर मात करून उठलेल्या देहाला खरं तर ओरखडाही नसायला हवा. पण योहान सांगतो की खिळ्यांचे व्रण तसेच होते. ईस्टरच्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये नव्या मोठ्या मेणबत्तीत धुपाचे पाच खडे क्रुसाच्या आकारात खोचण्याची प्रथा आहे, ते येशूच्या पाच जखमांचे प्रतीक. भारतीय ख्रिस्ती परंपरा ज्याला आपला पहिला प्रेषित मानते तो थोमा म्हणाला होता की व्रण पाहिल्याशिवाय, त्यांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू त्याच्यापुढे उभा राहिला आणि हात पुढे केले. त्या शुभवर्तमानात शिष्य येशूला थेट ‘माझ्या देवा’ म्हणतो तो तिथेच, व्रणांसमोर.