सुगडातला दाणा

संक्रांतीस सुगडांचे पूजन झाले, वाणवसा झाला, की पुढे त्या इवल्या मृत्पात्रांचे काय होते, याचा विचार आम्ही साठ वर्षे केला नव्हता. तो आम्हांस एका पारव्याने करावयास लावला.

गतवर्षी संक्रांतीच्या रात्री मंदिरात आम्ही शिबिराजाचे आख्यान लावले होते. महाभारताच्या वनपर्वातील ही कथा सर्वश्रुत आहे. शरण आलेल्या कपोतासाठी राजाने ससाण्यास स्वतःचे मांस तोलून दिले. श्रोते सद्गदित झाले. आम्हीही समाधानाने निजलो. प्रातःकाळी नऊ वर्षांच्या नातवाने हात धरून आम्हांस पिंपळाखाली नेले. फांदीस गुंतलेल्या मांजात एक पारवा लोंबकळत होता. पंख चिरलेला, निष्प्राण. मांजा नायलॉनचा होता. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातल्याचे आम्ही वाचले होते. तरीही नातवाच्या हट्टापायी ते रीळ, न पाहता न विचारता, आम्हीच आणून दिले होते.

“आजोबा, याला कुणीच सोडवलं नाही?” एवढेच त्याने विचारले. रात्रीच्या निरूपणातील एकही वाक्य आमच्या मुखी येईना.

शास्त्राने गृहस्थास पाच नित्य यज्ञ सांगितले. त्यांतील भूतयज्ञ म्हणजे पशुपक्षी, कृमिकीटक यांस आपल्या अन्नातील भाग देणे. जेवणापूर्वी कावळ्यास घास ठेवण्याची चाल त्यातलीच. ती आता पुष्कळ घरी पितृपक्षापुरती उरली आहे.

त्या दिवशी नातवंडांसह आम्ही पिंपळाच्या खालच्या फांद्यांवरील दोरे उतरवले, बारीक कापून केरात टाकले. मग रिकामी सुगडे धुतली. सुती दोरीचे दोन पदर तळाशी एकमेकांवर आडवे घेऊन गाठवले, चारी टोके वर एकत्र बांधली, की शिंके झाले. पक्ष्यास बसावयास त्यात एक काटकी आडवी अडकवली. सुगडात अर्ध्यापर्यंत बाजरी व तांदळाची कणी घातली. पूजेतील ज्वारीच्या कणसांची जुडी शेजारी टांगली. खारट, तळलेले वा गोड काही घालू नये. भिजलेला दाणा टाकून द्यावा. आठवड्यास सुगड धुऊन वाळवावे. टांगावे ते वळचणीखाली, मांजराची झेप पोहोचणार नाही असे.

तीन दिवस कुणी आले नाही. चौथ्या दिवशी चिमणी आली. एरवी घर डोक्यावर घेणारी मुले श्वास रोखून उभी राहिली.

आपल्या मुलखात हिम पडत नाही. थंडीत शेतशिवारी दाणा असतो. तेव्हा संक्रांत हा या व्रताचा केवळ आरंभ. खरी कसोटी चैत्र-वैशाखात, पाणी आटते तेव्हा. मातीच्या पसरट परळात रोज ताजे पाणी ठेवावे. अक्षय्यतृतीयेस उदककुंभ देणाऱ्या घरास हे का जड जावे?

यंदा पतंगाचा दोरा घ्यावयास नातू आमच्यासह आला. आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच त्याने दुकानदारास विचारले, “साधा सुती दोरा आहे ना?” वाचकहो, जन्मभर आम्ही इतरांस कथा सांगितली, त्या दिवशी मात्र आम्ही श्रोते होतो.