कुत्र्याला गाडीतून नेताना : गळ्याला साखळी नको, छातीला पट्टा हवा

गाडीत बसल्यावर पुढचे दोघे सीटबेल्ट लावतात. मागे बसलेले बहुतेक वेळा लावत नाहीत. सोबत कुत्रा असेल तर तो कोणाच्या तरी मांडीवर, खिडकीबाहेर डोके काढून किंवा सीटवर इकडून तिकडे फिरत प्रवास करतो. काही जण त्याच्या गळ्यातली साखळी सीटला किंवा हँडलला बांधतात आणि आता तो सुरक्षित आहे असे समजतात. प्रत्यक्षात यातल्या कोणत्याही पद्धतीने कुत्राही सुरक्षित नसतो आणि गाडीतली माणसेही नसतात.

वस्तीत काम करताना आम्हाला एक प्रश्न नेहमी ऐकू येतो, "हा श्रीमंतांचा विषय नाही का?" तसे नाही. गावी जाताना, घर बदलताना, आजारी कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेताना आपल्यापैकी अनेकांना भाड्याची गाडी, रिक्षा किंवा मित्राची कार वापरावी लागते. त्या गाडीत मुले असतात, आजी असते आणि घाबरलेले एक जनावरही असते. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

अचानक ब्रेक लागल्यावर काय होते?

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडीत मागच्या सीटवर बसलेल्या दोघांचा जीव गेला आणि त्या दोघांनीही सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मागच्या सीटबेल्टची चर्चा देशभर झाली. जो नियम माणसाच्या शरीराला लागू आहे, तोच कुत्र्याच्या शरीरालाही लागू आहे. गाडी थांबते, पण आत मोकळे असलेले शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते.

साधा हिशेब करून पाहू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना समोर आदळली, तर आतले मोकळे शरीर ज्या वेगाने आदळते, तो वेग सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडल्यावर येणाऱ्या वेगाइतका असतो. आता समजा गाडीचा पुढचा भाग चेपून ती अर्ध्या मीटरमध्ये थांबली. तेवढ्या अंतरात शरीर थांबवायला त्याच्या वजनाच्या साधारण २० पट जोर लागतो. आपला गावठी कुत्रा १५ किलोचा धरला, तर हा जोर ३०० किलो वजनाइतका होतो.

हा आकडा लक्षात ठेवला की बाकीच्या गोष्टी आपोआप समजतात. ३०० किलोचा ओढा कोणाचाही हात धरू शकत नाही. म्हणून मांडीवर घट्ट धरून बसणे हा उपाय नाही. तो ओढा गळ्यावर आला तर श्वासनलिका आणि मान वाचत नाही. म्हणून गळपट्ट्याला साखळी बांधणे हाही उपाय नाही. कुत्रा मागच्या सीटवर मोकळा असेल, तर तेवढा जोर पुढे बसलेल्याच्या पाठीवर किंवा शेजारच्या मुलावर येतो.

अपघात झाला नाही तरी धोका राहतोच. मोकळा कुत्रा चालकाच्या पायाखाली, म्हणजे ब्रेक आणि क्लचपाशी जाऊ शकतो. मागून उडी मारून स्टिअरिंगवर येऊ शकतो. अपघातानंतर दार उघडताच तो घाबरून रस्त्यावर पळतो किंवा मदतीला आलेल्यांना चावतो.

कुत्र्याला बसवायचे कुठे?

पुढची सीट टाळावी. समोरची एअरबॅग माणसाच्या छातीचा अंदाज घेऊन बनवलेली असते आणि ती डोळ्याचे पाते लवायच्या आत फुगते. तिच्यासमोर किंवा कोणाच्या मांडीवर कुत्रा असेल तर वाचवणारी वस्तूच मारक ठरते. चालकाच्या मांडीवर तर पिल्लूसुद्धा नको.

मागची सीट ही सर्वांत सोयीची जागा. हॅचबॅक किंवा एसयूव्हीमध्ये मागच्या मोकळ्या जागेत पिंजरा ठेवता येतो, पण तो पट्ट्यांनी गाडीला पक्का बांधलेला हवा. न बांधलेला पिंजरा कुत्र्यासकट पुढे येतो. सेडान गाडीची बंद डिकी मात्र कधीही वापरू नये. तिथे हवा खेळत नाही आणि उष्णता वाढते. मोकळ्या टेम्पोत किंवा पिकअपमध्ये गळ्याला दोरी बांधून कुत्र्याला उभे करणे हे तर सर्वांत वाईट, कारण उडी मारल्यास तो बाहेर लटकतो.

हार्नेस कसा निवडावा?

हार्नेस म्हणजे गळ्याऐवजी छाती आणि पाठीभोवती बसणारा पट्टा. त्याला जोडलेला छोटा पट्टा गाडीच्या सीटबेल्टच्या बकलमध्ये अडकवतात, किंवा सीटबेल्टच हार्नेसच्या पाठीवरील फासातून ओवतात. मात्र बाजारातला प्रत्येक हार्नेस गाडीसाठी नसतो. बरेचसे फक्त फिरायला नेण्यासाठी असतात. अमेरिकेतील सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१३ मध्ये सुबारू या मोटार कंपनीच्या मदतीने कुत्र्याच्या आकाराच्या बाहुल्या वापरून हार्नेसच्या चाचण्या घेतल्या. त्यात अनेक हार्नेस तुटले किंवा कुत्र्याला जागेवर धरू शकले नाहीत. म्हणून रंग आणि नक्षीपेक्षा पुढील गोष्टी पाहाव्यात.

पट्टा छातीवर रुंद असावा. जेवढी रुंदी जास्त, तेवढा जोर जास्त भागावर वाटला जातो.

कड्या आणि अडकवण्याचे हूक धातूचे असावेत. फक्त प्लास्टिकच्या क्लिपवर भार येत असेल तर तो हार्नेस गाडीसाठी नाही.

शिवण दुहेरी, दाट आणि न उसवलेली असावी. जुना हार्नेस असेल तर प्रत्येक प्रवासाआधी ओढून पाहावा.

पट्टा आणि अंग यांच्यामध्ये आपली दोन बोटे जावीत. त्यापेक्षा ढिला असेल तर कुत्रा मागे सरकून त्यातून निसटतो. त्यापेक्षा आवळ असेल तर काखेत काचतो.

जोडपट्टा पाठीवरच्या कडीला लावावा, गळपट्ट्याला नाही. त्याची लांबी एवढीच ठेवावी की कुत्र्याला बसता आणि झोपता येईल, पण सीटखाली उतरता किंवा पुढच्या सीटपर्यंत पोहोचता येणार नाही. रबरासारखा ताणला जाणारा पट्टा टाळावा, कारण धक्क्याच्या वेळी तो लांब होतो आणि कुत्रा पुढे आदळतो.

लहान कुत्र्यासाठी किंवा पिल्लासाठी बंद पिंजरा अधिक चांगला. तो पुढच्या सीटच्या मागे, पायाजवळच्या जागेत घट्ट बसत असेल तर तिथे ठेवावा. आत जुनी चादर घालावी आणि जाळीतून हवा जाते ना हे पाहावे.

प्रवासाआधी आणि प्रवासात

ज्या कुत्र्याने गाडी फक्त इंजेक्शनच्या दिवशी पाहिली आहे, तो गाडीला घाबरणारच. म्हणून चार-पाच दिवस आधीपासून त्याला घरातच थोडा वेळ हार्नेस घालावा आणि खाऊ द्यावा. नंतर उभ्या गाडीत बसवावे. मग इंजिन चालू करावे. शेवटी गल्लीतून एक छोटी फेरी मारावी. मारून, ओढून गाडीत घातलेला कुत्रा पुढच्या वेळी अधिक त्रास देतो.

निघण्याआधी तीन-चार तास भरपेट खायला देऊ नये, पाणी मात्र द्यावे. उलटीचा त्रास असेल तर पशुवैद्यकाकडून गोळी घ्यावी. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अशी माणसांची औषधे कुत्र्याला देऊ नयेत. ती त्याला विषासारखी बाधू शकतात.

खिडकी थोडीच उघडी ठेवावी आणि काचेचे बटण लॉक करावे, कारण पंजाने बटण दाबले जाऊ शकते. डोके बाहेर काढू दिल्यास डोळ्यांत खडे जातात आणि बाजूने जाणाऱ्या वाहनाचा धक्काही लागू शकतो. साधारण दर दोन तासांनी थांबून पाणी द्यावे. उतरवताना एकच क्रम पाळावा : आधी साखळी हातात, मग जोडपट्टा सोडायचा, मग दार उघडायचे. महामार्गावर हरवणारे कुत्रे बहुतेक दार आधी उघडल्यामुळे हरवतात, असा आमचा अनुभव आहे.

उन्हात उभ्या गाडीत कुत्र्याला पाच मिनिटेही सोडू नये. बंद गाडीतले तापमान अवघ्या १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढते. बाहेर ३५ अंश असेल तर आत ४५ होतात. काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून शरीर थंड करतो. आतली हवाच तापली की तोही मार्ग बंद होतो. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्यांना हा त्रास लवकर होतो. याच कारणाने तोंड पूर्ण आवळणारा मझल घालून लांबचा प्रवास करू नये. गरज असल्यास तोंड उघडता येईल असा जाळीदार मझल वापरावा.

कार नसेल तर?

आपल्या अनेक कुटुंबांसाठी प्रत्यक्षातले वाहन रिक्षा किंवा स्कूटर असते. स्कूटरच्या पायाजवळ कुत्र्याला उभे करून नेणे सगळीकडे दिसते, पण त्याला बांधले तरी धोका, मोकळे सोडले तरी धोका. ते टाळावे. रिक्षाने जायचे असेल तर चालकाला आधीच सांगावे. दोन मोठी माणसे सोबत असावीत. कुत्र्याला हार्नेस घालून खाली, पायांच्या मध्ये बसवावे. साखळी आखूड धरावी आणि ती रिक्षाच्या दांडीला गळ्याने बांधू नये. शक्य असेल तर पिंजराच वापरावा. रिक्षा कारइतकी सुरक्षित होणार नाही, म्हणून अंतर कमी ठेवावे आणि चालकाला सावकाश चालवायची विनंती करावी.

जखमी कुत्र्याला उचलताना नियम वेगळा आहे. त्याला हार्नेसमध्ये कोंबू नये. चादर, गोणपाट किंवा फळी खाली सरकवून आडवे उचलावे आणि मागच्या सीटखाली किंवा सीट दुमडून सपाट जागेवर ठेवावे. वेदनेत असलेला घरचा कुत्राही चावतो. म्हणून तोंडाला पट्टी सैलसर बांधावी, पण तो उलटी करत असेल किंवा त्याला श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बांधू नये. कोणाला चावा लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. कुत्रा लाळ गाळत असेल, झोकांड्या खात असेल, कारण नसताना अंगावर येत असेल, तर त्याला गाडीत घेऊ नये. महापालिकेला किंवा नगरपालिकेला कळवावे.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार अनावश्यक वेदना होतील अशा रीतीने प्राण्याची वाहतूक करणे गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्र्यांसाठी वेगळे प्रकरण आहे आणि त्यात पशुवैद्यकाच्या प्रमाणपत्राची अट आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमधील नियम ५७ कुत्र्याला हार्नेस, पिंजरा किंवा जाळीने रोखून ठेवायला सांगतो. जर्मनीत गाडीतला प्राणी वाहतूक नियमांच्या दृष्टीने भारच मानला जातो, म्हणून तो पक्का बांधलेला असावा लागतो.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१ क मध्ये सजीवांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ही कर्तव्ये संविधानात आली. पन्नास रुपयांच्या दंडाला घाबरून कोणी हार्नेस घेणार नाही. हे काम कर्तव्य म्हणूनच करावे लागेल.

वस्तीसाठी एक सामाईक पिशवी

वस्तीतला कुत्रा बहुधा एका घराचा नसतो. चार घरे त्याला भाकरी घालतात, मुले त्याला नावाने हाक मारतात. तो आजारी पडला की पोरे वर्गणी काढतात आणि रिक्षा बोलावतात. मग गाडीत पाच जण चढतात, प्रत्येक जण त्याला थोडे थोडे धरतो आणि जबाबदारी नेमकी कोणाची हे ठरलेले नसते. जबाबदारी वाटून घेण्याची ही पद्धत चांगली आहे, पण गाडीत बसण्याआधी कामेही वाटली पाहिजेत. एकाने फक्त गाडी चालवायची आणि कुत्र्याकडे बघायचे नाही. कुत्र्याची ओळख असलेल्या एकाच मोठ्या माणसाने त्याच्याजवळ बसायचे. साखळी मुलांच्या हातात द्यायची नाही. तिसऱ्याने दवाखान्याला आधी फोन करायचा.

प्रत्येक घराने हार्नेस विकत घ्यावा अशी अपेक्षा नाही. मंडळाने किंवा मित्रांच्या गटाने मिळून एक पिशवी तयार करावी : मध्यम आणि मोठ्या मापाचे दोन हार्नेस, धातूच्या हुकाचा जोडपट्टा, जाळीदार मझल, दोन जुन्या चादरी, पाण्याचे भांडे, पट्टीचा गुंडाळा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन नंबर लिहिलेला कागद. ही पिशवी समाजमंदिरात किंवा वाचनालयात ठेवावी आणि ती कोणाकडे गेली हे वहीत लिहावे. हार्नेस कसा घालायचा हे एखाद्या रविवारी चार-पाच तरुणांनी एका शांत कुत्र्यावर शिकून घ्यावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

रात्री अकरा वाजता कुत्रा तडफडत असताना पट्टा शोधायला वेळ नसतो. तयारी दिवसा, शांतपणे करून ठेवली तर त्या रात्री कुत्राही दवाखान्यात पोहोचेल आणि त्याला घेऊन गेलेली आपली मुलेही सुखरूप घरी येतील.