पाणबुड्यांचं माहेर

आधी नावाचा घोळ मिटवू. जपानी व्यापारी जहाजांच्या शेपटाला चिकटलेल्या ‘मारू’चा मारामारीशी काही संबंध नाही. पूर्वी जपानात लहान मुलांच्या नावातही ‘मारू’ असे. जहाजांना ते का चिकटलं, यावर तिथले पंडित अजून वाद घालतात. आपल्या ओळखीची ‘कोमागाता मारू’ याच गोतावळ्यातली.

आजची नायिका ‘हेआन मारू’. ओसाकात बांधलेली, १९३० सालची, साडेअकरा हजार टनांची. मालक निप्पॉन यूसेन कैशा, म्हणजे जमशेटजी टाटांच्या साथीनं १८९३मध्ये मुंबई–कोबे मार्गावर कापूस वाहायला उतरलेली कंपनी! पी अँड ओच्या मक्तेदारीला तो चांगलाच चिमटा होता. हेआन मात्र थेट सिएटलला जायची.

हिकावा, हिये आणि हेआन या तिघी बहिणी. तिन्ही नावं शिंतो देवस्थानांची, आपल्याकडे होडीवर ‘एकवीरा’ लिहितात तशी. थोरल्या हिकावाचा थाट असा, की १९३२मध्ये चार्ली चॅप्लिन तिच्यातून अमेरिकेला परतला. म्हणे तिच्या आचाऱ्याच्या टेंपुरासाठी! खरं-खोटं आचारी जाणे, पण भज्यांच्या जातीच्या पदार्थापायी माणूस जहाज निवडतो, हे मला तरी पटतं.

मग युद्ध आलं आणि नौदलानं तिघींना कामाला जुंपलं. हेआन झाली पाणबुड्यांची मातृनौका. टॉर्पेडो, इंधन, डागडुजी, खलाशांना दोन घास, सगळं तिच्याकडे. हियेलाही तेच काम मिळालं, आणि नोव्हेंबर १९४३मध्ये तिला बुडवलं कोणी? ‘ड्रम’ नावाच्या अमेरिकी पाणबुडीनं! हिकावा पांढरा रंग लेवून इस्पितळ-जहाज झाली. तीनदा सुरुंगांना धडकली, तरी तरंगत राहिली.

हेआनची गाठ पडली गारपिटीशी. पॅसिफिकमधल्या ट्रुक बेटांवर (आताचं चूक, हो, नाव खरंच चूक!) अमेरिकी विमानं तुटून पडली, त्या मोहिमेचं नावच ‘हेलस्टोन’, म्हणजे गार. १७ आणि १८ फेब्रुवारी १९४४ या दोन दिवसांत चाळीसहून अधिक जहाजं बुडाली, अडीचशेच्या आसपास विमानं नष्ट झाली. हेआन दुसऱ्या दिवशी गेली.

आज ती तिथल्या तळाशी डाव्या कुशीवर निजली आहे, चूकच्या बुडीत जहाजांतलं सगळ्यात मोठं धूड. नाळेवरचं नाव रोमन आणि जपानी, दोन्ही लिप्यांत वाचता येतं. आत टॉर्पेडो पडलेत, पाणबुड्यांचे पेरिस्कोपही. आठवण म्हणून काही उचलाल तर कायदा आडवा येईल.

हिकावा मात्र योकोहामाच्या यामाशिता बागेपाशी नांगरून उभी आहे, संग्रहालय होऊन. बहिणीचे जिने, जेवणघर, केबिनी साधारण कशा असतील हे पाहायला पाठीवर हवेची टाकी नको, तिकीट पुरे.