छोटा स्पीकर, मोठा भाव

जुन्या मालात कधी फडताळावर मावणाऱ्या छोट्या स्पीकरची जोडी येते. ती भंगारात घालण्यापूर्वी पाठीवरची पट्टी वाचावी, असे आम्ही कारागीर बांधवांना सुचवतो. ब्रिटनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात प्रसारणाच्या कामासाठी ‘एलएस ३/५ए’ हा स्पीकर तयार केला. रॉजर्स, स्पेंडॉर, हारबेथ आदी कंपन्यांनी तो परवान्यावर बनवला. शौकीन आजही त्याला चांगला भाव देतात.

पारख सोपी आहे. पट्टीवर १५ ओहम असेल तर माल आधीचा, ११ ओहम असेल तर नंतरचा. आत केफ कंपनीचा बी ११० वूफर आणि टी २७ ट्वीटर असतो. ट्वीटरभोवती नमद्याची चौकट असते. दोन्ही नगांचे क्रमांक जुळावेत, कारण खरी किंमत जोडीला आहे.

दुरुस्तीत घाई नको. आवाज बंद असेल तर आधी मीटरने कॉइल तपासावी. वूफरच्या पडद्याला थिनर लावू नये, वरचा लेप जातो. लाकडी पापुद्रा पातळ असतो, जोरात घासू नये. क्रॉसओव्हर याच दोन भागांसाठी जुळवलेला असतो. दुसरा ट्वीटर बसवला तर आवाज बिघडतो, भावही पडतो. तरीही भाग बदलावाच लागला, तर गिऱ्हाइकाला तसे सांगून विकावे. या धंद्यात विश्वास हेच भांडवल.