उतारवय आणि स्तनांची तपासणी

स्तनाचा कर्करोग पुष्कळदा प्रथम एखाद्या लहानशा गाठीच्या रूपाने प्रकट होतो. ही गाठ बहुधा दुखत नाही. आणि जे दुखत नाही त्याकडे दुर्लक्ष करणे हा मनुष्यस्वभावच आहे. म्हणून कोणताही त्रास जाणवत नसतानाही ठराविक काळाने स्तनांची तपासणी करून घेणे इष्ट असते. गाठ लहान असतानाच सापडली, तर उपचार सुलभ होतात व रोगी बरा होण्याचा संभव वाढतो.

मुले मोठी झाली, पाळी थांबली, की हा रोग आपल्याला होणार नाही, असा अनेक वयस्क स्त्रियांचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. वय वाढते तसा या रोगाचा धोकाही वाढतो. शिवाय वयपरत्वे स्तनांतील ग्रंथींची जागा मेद घेतो. त्यामुळे क्ष-किरणांच्या छायाचित्रात गाठ अधिक स्पष्ट दिसते.

१९९८ साली मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयातील तज्ज्ञांनी एक प्रदीर्घ प्रयोग आरंभिला. ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, याप्रमाणे चार वेळा, केवळ हातांनी तपासले. दुसऱ्या गटाला रोगाची माहिती तेवढी देण्यात आली. वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. रोग बळावलेल्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ३७, तर दुसऱ्यात शेकडा ४७ होते. सर्व वयांचा एकत्र विचार करता पहिल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू शेकडा १५ नी कमी आढळले. परंतु एवढा फरक केवळ योगायोगानेही पडू शकतो. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तर निश्चित लाभ दिसला नाही. मात्र पन्नास व त्यावरील वयाच्या स्त्रियांत मृत्यूंचे प्रमाण सुमारे शेकडा ३० नी घटले होते.

भारत सरकारने २०१६ साली आखून दिलेल्या कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी अशी तपासणी व्हावी, असे ठरले. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी एकदा तरी तपासणी झालेल्यांचे प्रमाण शेकडा एकही भरले नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांना तर या पाहणीत हा प्रश्नच विचारलेला नव्हता.

संकोच, निदानाची भीती, दवाखान्यापर्यंत सोबतीला कोणी नसणे आणि ‘आता या वयात कशाला’ हा विचार, ही तपासणी टाळण्याची नेहमीची कारणे होत. त्यांपैकी संकोच बऱ्याच अंशी दूर होऊ शकतो. कारण ही तपासणी प्रशिक्षित स्त्रीच्या हातून होऊ शकते, हे मुंबईच्या प्रयोगाने दाखवून दिले. प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असे नाही. गाठीतील अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच निदान निश्चित केले जाते. तसेच एकदा तपासणी झाली म्हणजे कायमची निर्धास्तता लाभते, असेही नाही. म्हणून घरातील आजीला किंवा आईला वेळोवेळी तपासणीस घेऊन जाणे, हे तिच्या लेकीसुनांचे व मुलानातवंडांचेही कर्तव्य होय.